व्हायोलिनच्या खुंट्या

शनिवार, १७ जानेवारी. अमरावती.

हजर: माझी भाची, अकोल्याच्या बहिणीची मुलगी, वय बावीस, व्हायोलिनसह. तिचे वडील म्हणजे माझे भाऊजी, गाडीसह. तिचे व्हायोलिनचे सर, हार्मोनियमच्या पेटीसह. पियानो वाजवणाऱ्या बाई. आणि मी. गैरहजर: माझी बहीण, कारण तिच्या शाळेत परीक्षा होती. तिचा फोन मात्र सकाळपासून हजर होता.

मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात अधीक्षक आहे. काम कोणतंही असो, आधी कोण कोण आहे ते लिहायचं, मग काय काय करायचं ते लिहायचं, ही माझी पद्धत. त्या दिवशीचं काम कागदावर एका ओळीचं होतं. भाचीला जर्मनीतल्या एका जुन्या संगीतशाळेत प्रवेश हवा होता, आणि त्यासाठी दोन रचना पियानोच्या साथीने वाजवून, मध्ये कुठेही न कापता, चित्रित करून पाठवायच्या होत्या. मुदत रविवारपर्यंत. अमरावतीत चालू स्थितीतला पियानो आमच्या माहितीत एकच, मिशनच्या शाळेच्या सभागृहातला. सभागृह आम्हाला शनिवारी दुपारी बारापर्यंत मिळालं होतं, कारण नंतर शाळेच्या गॅदरिंगची तालीम होती. बाई दुपारच्या गाडीने नागपूरला मुलाकडे जाणार होत्या. म्हणजे जे व्हायचं ते बाराच्या आत.

बाई निवृत्त परिचारिका. चर्चमध्ये वर्षानुवर्षं पियानो वाजवतात. त्यांच्याबरोबर भाचीच्या दोन तालमी आधीच झाल्या होत्या, आणि चांगल्या झाल्या होत्या. त्या दोन्ही वेळी सर नव्हते. सर येणार आहेत हे मला शुक्रवारी संध्याकाळी बहिणीने सांगितलं.

"ते म्हणाले, पोरगी माझी आहे, सूर मी लावून देईन. मी काय नाही म्हणू?"

"म्हणायचं होतंस."

"तू म्हण. तुझ्याकडे यादी आहे ना."

मीही म्हटलं नाही. इथे सरांच्या क्लासची पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. सर अकोल्यात चाळीसेक वर्षं व्हायोलिन शिकवतात. त्यांच्या क्लासमध्ये विद्यार्थी स्वतःचं वाद्य लावत नाही. सर पेटी उघडतात, भात्याला हात घालतात, एक सूर धरतात, आणि प्रत्येकाचं व्हायोलिन मांडीवर घेऊन खुंट्या पिळून लावून देतात. मग ते दोन्ही हातांनी परत द्यायचं आणि दोन्ही हातांनी घ्यायचं. त्यानंतर खुंट्यांना हात लावायचा नाही. कान तयार होईपर्यंत सूर गुरूचा, असं ते म्हणतात. कान तयार झाला की सर एक दिवस व्हायोलिन मांडीवर न घेता म्हणतात, "आता तू लाव." हे त्यांनी फार थोड्यांना म्हटलं आहे. भाची दहाव्या वर्षापासून त्यांच्याकडे जाते. तिला म्हटलेलं नव्हतं.

गेली तीन वर्षं ती पुण्याच्या एका शिक्षिकेकडे ऑनलाइन पाश्चात्त्य पद्धतीचं वाजवायला शिकत होती, तेही सरांना विचारून. सर म्हणाले होते, शीक, विद्या ती विद्या. घरी ती मोबाइलमधल्या सुरावर व्हायोलिन लावायची आणि सरांकडे जाताना ते तसंच न्यायची. सर ते आपल्या पेटीवर पुन्हा लावायचे. पेटी त्यांच्या गुरूंची. तिच्या आतल्या पितळी पत्त्या इतक्या वेळा घासून दुरुस्त झाल्या होत्या की तिचा सूर जगाच्या सुरापेक्षा थोडा चढा होता. फार नाही. एकट्याने ऐकलं तर कळणारही नाही. पण पियानोशेजारी ठेवलं तर दात आंबतात.

हे भाचीला माहीत होतं, मला माहीत होतं, बहिणीला माहीत होतं. सरांना कोणी सांगितलं नव्हतं.

सकाळी सगळे आधी माझ्याकडे आले. मी नाश्त्याला गिला वडा, आमच्याकडचा भिजवलेला वडा, मागवून ठेवला होता. सरांनी पेटी सोफ्यावर ठेवली आणि स्वतः शेजारी बसले. ते वाजवण्याच्या दिवशी काही खात नाहीत. भाऊजी खात होते, पण त्यांचं लक्ष खाण्यात नव्हतं.

भाऊजींचं अकोल्याला मोटारपंपांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्यांच्या शेजारच्या दुकानदाराचा पुतण्या एका एजंटामार्फत परदेशी कॉलेजात गेला आणि तिथे पोचल्यावर कॉलेज म्हणजे एका हॉटेलच्या वरच्या दोन खोल्या निघाल्या. तेव्हापासून भाऊजींना परदेशातली प्रत्येक संस्था दोन खोल्यांचीच वाटते. पोरीला पाठवायचं की नाही, हे त्यांनी अजून सांगितलं नव्हतं. "आधी पाठव तं ते रेकॉर्डिंग, मंग पाहू," एवढंच. म्हणून मी त्या शाळेचा इतिहास एका फुलस्केपवर काढून ठेवला होता.

"सांगा ताई," ते म्हणाले, "कधीची हाय थे शाळा?"

"आपल्याकडे रेल्वे यायच्या आधीची."

"अकोल्याच्या ठेसनाच्या आधीची?"

"हो. एका संगीतकाराने काढली. शहरातल्या लोकांनी मदत केली. सुरुवातीपासूनच बाहेरच्या देशांतले विद्यार्थी यायचे."

"पोट्टे का पोरीई?"

"मुलीही. पण तेव्हा मुलींचे वर्ग वेगळे असायचे. आणि रचना करण्याचं शिक्षण मुलींना कमी द्यायचे."

"वर्ग वेगळे होते? हे बरं हाय."

"आता वेगळे नाहीत, भाऊजी."

"मंग सांगितलं काहून?"

भाची हसली. त्या सकाळी ती तेवढीच हसली. सर ऐकत होते, पण पेटीच्या कडेवरून बोट फिरवत.

मी पुढे वाचलं. हिटलरच्या काळात तिथल्या ज्यू शिक्षकांना काढून टाकलं. काही देश सोडून गेले, काहींना छावण्यांत मारलं. मग युद्ध आलं, शहरावर बाँब पडले, इमारतीचं नुकसान झालं. युद्ध संपल्यावर शाळा पुन्हा सुरू झाली, पण शहर पूर्व जर्मनीत गेलं. काय वाजवायचं, कोणी बाहेर जायचं, यावर सरकारची नजर. दोन जर्मनींमधली भिंत पडल्यावर ते गेलं. आता पुन्हा जगभरातून मुलं येतात.

भाऊजी वड्याची बशी हातात धरून बसले होते. "बाँब पडला तरी चालू ठेवली?"

"थोडा काळ बंद होती. पुन्हा सुरू केली."

"त्याच जागेवर?"

"त्याच इमारतीत. दुरुस्त करून."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले. ते मशीनचे माणूस. एखादी गोष्ट मोडली आणि दुरुस्त होऊन पुन्हा चालली, की तिच्यावर त्यांचा विश्वास बसतो. "पण मास्तर लोकांले काढलं हे काही बरोबर नाही केलं. शिकवणारा माणूस."

सर पहिल्यांदाच बोलले. "मास्तरांले काढाले काई लागत नाही. एक दिवस सांगतात, उद्यापासून येऊ नका."

बहिणीचा फोन आला. मी सांगितलं, निघतोय.

सभागृहात बाई आधीच बसल्या होत्या. चष्मा, स्वेटर, पियानोवर पाण्याची बाटली. मी मोबाइल स्टँडवर लावला, मागचा पडदा सरळ केला, पंखे बंद केले, कारण त्यांचा आवाज येतो. बाहेरच्या शिपायाला सांगितलं की बारापर्यंत घंटा देऊ नका. तो म्हणाला, घंटा मोठ्या सरांच्या हुकमाने होते. मी मोठ्या सरांना, म्हणजे मुख्याध्यापकांना, भेटून आले. ते हो म्हणाले. यादीतलं एकेक काम मी खोडत होते आणि प्रत्येक वेळी वर बघत होते, कारण स्टेजच्या पायरीवर बसून सर पेटी उघडत होते.

मी भाचीला बाजूला घेतलं. "सांग त्यांना."

"काय सांगू?"

"की पियानोवरून लावायचं आहे."

"मावशी, तुम्ही सांगा ना."

"मी कोण? मला व्हायोलिन येतं का?"

"तुम्ही सगळ्यांना सांगता."

हे खरं होतं. प्राचार्यांना, लेखापरीक्षकांना, गुंड विद्यार्थ्यांना मी सांगते. पण मी सरांकडे बघितलं आणि माझ्याच्याने झालं नाही. त्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. कार्यक्रम असला की ते तोच घालतात. त्यांनी हात पुढे केला, "आण बेटा," आणि भाचीने व्हायोलिन दिलं. दोन्ही हातांनी.

त्यांनी पेटीवर सूर धरला आणि खुंटी पिळली. तार वर चढताना आवाज येतो, तो मी लहानपणापासून कार्यक्रमांतून ऐकला आहे आणि मला तो आवडायचा. त्या दिवशी मात्र चारही तारा लावून होईपर्यंत मला बसवेना. बाई पियानोसमोर हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

सरांनी व्हायोलिन परत दिलं. भाचीने नमस्कार करून घेतलं, उभी राहिली, मोबाइलकडे बघून नाव सांगितलं, बाईंनी सुरुवातीचे स्वर वाजवले, आणि तिने वाजवायला सुरुवात केली.

संगीत न कळणाऱ्या भाऊजींनीही मान वर केली. आठेक ओळी झाल्या असतील. बाईंनी हात उचलले.

"मास्तर, हे जुळत नाही."

"तुमचा पियानो उतरला आहे," सर म्हणाले. आवाज शांत होता.

"असेल उतरला. बारा वाजेपर्यंत मी त्याला चढवू शकत नाही. दोनशेच्या वर तारा आहेत त्याला. तिच्या चार आहेत."

"तिच्या चार बरोबर लागल्या आहेत."

"बरोबरच असतील. पण माझ्याबरोबर नाही."

भाऊजी म्हणाले, "चारच हायेत तं घे ना उतरवून, बेटा. त्याच्यात काय?"

त्यांना क्लासची पद्धत माहीत होती. पण त्यांच्या दृष्टीने ती क्लासमधली गोष्ट होती, आणि हे काम होतं. भाची हलली नाही. डाव्या हातात व्हायोलिन, उजव्या हातात गज. तिची नजर सरांवर. अकरा वाजून गेले होते. मी घड्याळाकडे बघत होते आणि बघू नये असं स्वतःला सांगत होते.

मग ती बोलली. "सर, मावशींनी ते सांगितलं ना, त्या शाळेचं. ती सुरू झाली तेव्हा तिकडेही प्रत्येक गावाचा सूर वेगळाच होता. एका गावातलं वाद्य दुसऱ्या गावात लागायचं नाही. नंतर लोकांनी बसून एक ठरवला."

हे माझ्या फुलस्केपवर नव्हतं. तिने स्वतः वाचलं असणार.

"बरं," सर म्हणाले. "मंग?"

"म्हणजे आपला चुकीचा नाही. आपल्या गावचा आहे."

"त्यांनी ठरवला तेव्हा आपल्या गावाले विचारलं होतं काय?"

"नाही, सर."

"मंग आपन काहून बदलाचं?"

याचं उत्तर सगळ्यांना माहीत होतं: कारण तिला तिकडे जायचं होतं. ते तिने म्हटलं नाही. तिने दुसरंच विचारलं.

"सर, मी लावू?"

सर पेटीकडे बघत राहिले. भाता अर्धा उघडा होता, तो त्यांनी दाबून बंद केला, कडी लावली. मग म्हणाले, "तुम्ही लावा. तुम्हाला येतं."

बारा वर्षांत त्यांनी तिला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. पोट्टी, बेटा, तू, कधी रागात गधे. तुम्ही नाही. तिचा चेहरा पाहून मला वाटलं, ही आता वाद्य त्याच्या पेटीत ठेवेल आणि आपण सगळे घरी जाऊ. मी माझ्या मनात पुढची यादीही केली: मुदतवाढीसाठी लिहायचं, बाईंना पुन्हा विचारायचं, दुसरा पियानो शोधायचा.

तिने बाईंकडे बघितलं. बाईंनी एक स्वर दाबला आणि धरून ठेवला. तिने खुंटीला हात लावला.

तार आधी फार उतरली, मग फार चढली. चारही लावून होईपर्यंत सर उठले आणि पेटी घेऊन शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर जाऊन बसले. बाहेर गेले नाहीत. पेटी मांडीवर होती, झाकण बंद.

पहिल्या वेळी मध्येच तार सुरावरून सरकली, कारण नुकतीच ढिली केलेली तार लगेच स्थिर होत नाही. दुसऱ्या वेळी पहिली रचना चांगली झाली आणि दुसरीत ती एका जागी विसरली. बाई म्हणाल्या, पाणी पी. भाऊजी तिच्याजवळ गेले आणि काय बोलावं ते न सुचून तिच्या गजाकडे बघत म्हणाले, "हे केसं घोड्याचे असतात म्हणे." ती हो म्हणाली. तिसऱ्या वेळी तिने व्हायोलिन पुन्हा लावलं आणि दोन्ही रचना सलग वाजवल्या. बाहेर मुलं जमायला लागली होती. शेवटच्या स्वरावर शिपायाने दार किलकिलं करून आत बघितलं, पण आवाज केला नाही.

चांगलं झालं की नाही हे मला सांगता येत नाही. बाई म्हणाल्या, "हे पाठव." आणि पर्स उचलून रिक्षा बघायला गेल्या.

भाऊजींना मात्र काहीतरी झालं होतं. ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. ते थेट शेवटच्या रांगेत गेले. मला अंदाज आला, पण अडवायला वेळ मिळाला नाही.

"सर, पाह्यलं? पोरीनं सोताच लावलं."

"पाह्यलं," सर म्हणाले.

"आता थे जाईनच. मी नाही म्हणत नाही आता. तुमच्यामुळंच हाय सगळं."

सर उठले. "चांगलं वाजवलं," ते म्हणाले, भाऊजींना, तिला नाही. मग पेटी उचलली.

"थांबा, गाडी आणतो."

"मले बस बरी. बसस्टँड जवळच हाय."

"पेटी घेऊन बसनं?"

"घेऊन फिरलो आहे मी," असं म्हणून ते निघाले. भाची मागे धावली. फाटकाशी काय बोलणं झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही. ती परत आली तेव्हा म्हणाली, "पाया पडले. डोक्यावर हात ठेवला. मग गेले." गाडीत भाऊजी अकोला येईपर्यंत जर्मनीत थंडी किती असते ते विचारत होते, असं तिने मला नंतर सांगितलं.

रेकॉर्डिंग रविवारी सकाळी गेलं. पोच आली. मी ती छापून फायलीला लावली.

पुढच्या आठवड्यात भाची नेहमीच्या दिवशी क्लासला गेली. सर मुलांची व्हायोलिनं लावून देत होते. ती रांगेत बसली, जशी दहाव्या वर्षी बसायची. तिची पाळी आली. सरांनी तिचं व्हायोलिन हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, पेटीचा सूर धरला नाही, खुंटीला हात लावला नाही, आणि तसंच परत दिलं. मग पुढच्या मुलाला म्हणाले, आण.

तिने मला फोन केला. "मावशी, याचा अर्थ काय? लाव म्हणाले, की जा म्हणाले?"

"तू विचारलंस?"

"कसं विचारू?"

"मग वाजवलंस का?"

"मीच पेटीवर लावलं आणि वाजवलं. सगळ्यांबरोबर. त्यांनी वर बघितलं नाही."

बहिणीला वाटतं की सरांनी तिला मोकळं केलं. भाऊजींना वाटतं की तसं काही नसतं, सर त्या दिवशी घाईत असतील. भाची अजून जाते. सर तिचं व्हायोलिन घेतात, बघतात, परत देतात. तू म्हणत नाहीत, तुम्हीही म्हणत नाहीत.

निवड झाली. पहिल्या फेरीत. जर्मनीला बोलावलं आहे, तिथे परीक्षकांसमोर वाजवायचं. त्याआधी कागदपत्रं पाठवायची आहेत. पासपोर्ट झाला. पदवीच्या गुणपत्रिकांचं भाषांतर करून घेतलं. पुण्याच्या शिक्षिकेचं पत्र आलं. भाऊजींनी हमीपत्रावर सही केली, दोनदा, कारण पहिल्या वेळी चुकीच्या जागी केली.

एक कागद राहिला आहे. पहिल्या गुरूचं प्रमाणपत्र: किती वर्षं शिकवलं, काय शिकवलं, विद्यार्थी स्वतंत्रपणे वाजवण्यास तयार आहे असं वाटतं का. मजकूर मी मराठीत आणि इंग्रजीत तयार करून ठेवला आहे. शेवटच्या प्रश्नापुढची जागा कोरी ठेवली आहे, कारण ते त्यांनीच लिहायचं. भाऊजी म्हणतात, द्या इकडे, मी जाऊन सही आणतो, मिनिटाचं काम. मी त्यांना दिला नाही, भाचीला दिला. भाची म्हणते, या आठवड्यात विचारते. मागच्या आठवड्यातही म्हणाली होती.

कागद तिच्या व्हायोलिनच्या पेटीत आहे. सही व्हायची आहे.